‘इतर समाज’ : बार्देशातल्या एका स्मरणिकेचं प्रकरण

गोव्याच्या बार्देश तालुक्यात, म्हापशापासून फार लांब नसलेल्या आमच्या गावात एक मराठी वाचनालय आहे. मुंबईहून येणारी मासिकं वाटून वाचता यावीत म्हणून पोर्तुगीज अमलात काही मंडळींनी ते सुरू केलं. गावाचं आणि वाचनालयाचं नाव इथं देत नाही, कारण या प्रकरणातली माणसं रोज एकमेकांच्या दारावरून जातात. वाचनालयाला पंचाहत्तर वर्षं होत होती. स्मरणिका काढायचं ठरलं आणि तिच्यातला ‘आमची संस्कृती’ हा विभाग माझ्याकडे आला. मी निवृत्त शिक्षिका. माहेर पेडण्याचं, सासर इथलं. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या पेडणेकरी बोलीतल्या शब्दांवर घरात हसत. पुढं वर्गात प्रमाण मराठी, घरात बार्देशी कोकणी आणि भावाशी फोनवर पेडणेकरी, असं आयुष्य गेलं.

समितीनं विभागाची अनुक्रमणिका आधीच तयार ठेवली होती. ग्रामदेवता, भजनी सप्ताह, जत्रेतली नाटकं, शिगमो (गोव्यातली होळी), धालो (बायकांचा नाच-गाण्यांचा उत्सव), चवथीची माटोळी. मराठी नाटकाला सहा पानं, कारण आमच्या देवळाच्या मांडवात पिढ्यान्‌पिढ्या नाटक होत आलं आहे. शेवटी एक ओळ होती : ‘इतर समाज – एक पान’.

या एका पानावरून पुढचे पाच महिने गेले.

गावात देवळाचा वाडा आहे आणि इगर्जीचा, म्हणजे चर्चचा, वाडा आहे. लोकवस्ती जवळजवळ सारखी. शेताच्या काठाला, पूर्वी ज्यांना गावाबाहेर ठेवलं होतं त्या ढोल वाजवणाऱ्यांचा लहानसा वाडा आहे. हमरस्त्यामागं भाड्याच्या खोल्यांची रांग आहे. तिथं उत्तर कर्नाटकातून आलेली बांधकामावरची कुटुंबं राहतात, काही वीस-पंचवीस वर्षांपासून. त्यांची मुलं सरकारी मराठी शाळेत शिकतात, आणि आज त्या शाळेचा पट मुख्यतः त्यांच्यामुळेच टिकून आहे. अनुक्रमणिकेत पहिला वाडा म्हणजे ‘आमची’, आणि बाकी सगळे मिळून ‘इतर’.

अनुक्रमणिका करणारे वाईट माणसं नव्हती. समितीतल्या सगळ्यांत ज्येष्ठ सभासदाचं म्हणणं मी नीट ऐकलं. बार्देश ही जुनी काबिजाद, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेला मुलूख. सोळाव्या शतकात इथली देवळं पाडली गेली. तिकडे साष्टी-मुरगावात शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली, मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. इथलेही देव असेच नदीपलीकडे नेले गेले. “इतकं गेलं, टीचर. उरलं ते तरी आमचं म्हणून लिहू द्या,” ते म्हणाले. संस्कृतीची त्यांची व्याख्या हीच होती : हिसकावलं गेल्यावर जे उरतं आणि राखायचं असतं ते. ती व्याख्या खोटी आहे असं मला आजही म्हणवत नाही.

पहिला कागद

मी शिक्षिकेच्या सवयीनं प्रश्नपत्रिका काढली. एका कागदावर दोन प्रश्न : संस्कृती म्हणजे काय? आपल्या गावाची संस्कृती कोणती? कागद चारही वस्त्यांत वाटले.

देवळाच्या वाड्यातून आलेल्या उत्तरांत ‘संस्कार’ हा शब्द सर्वांत जास्त वेळा होता. वडीलधाऱ्यांना नमस्कार, तिन्हीसांजेला दिवा, कीर्तन, शुद्ध बोलणं. इगर्जीच्या वाड्यातल्या तरुणांनी मांडो (कोकणी गाणी), फेस्त (चर्चचा उत्सव), सांजांव (जूनमधला सण) आणि फुटबॉल लिहिलं. शाळकरी मुलांनी पाठ्यपुस्तकातलं ‘विविधतेत एकता’ लिहून खाली वेगवेगळ्या राज्यांचे पोशाख काढले. त्यांत गोव्याच्या चित्रात एकजण गिटार घेऊन उभा होता, आणि ते काढणाऱ्या मुलाच्या घरी तबला-पेटी आहे, गिटार नाही. ‘संस्कृती म्हणजे आमची भाषा’ असं दोन माणसांनी लिहिलं. एकानं मराठीसाठी, एकानं कोकणीसाठी.

भाड्याच्या खोल्यांतून फक्त एक कागद परत आला. तो सातवीतल्या एका मुलीचा होता आणि कोरा होता. मी तिला विचारलं तर म्हणाली, “आमच्यात तसलं काही नसतं, टीचर.” मराठी तिनं चांगलं उच्चारलं. शाळेतलं होतं.

त्या वाक्यापाशी मी अडकले. इथं थोडं शब्दाबद्दल बोलायला हवं, कारण माझ्या मते अर्धी अडचण शब्दातच होती. संस्कृती हा शब्द या अर्थानं भारतीय भाषांत फार जुना नाही. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी सांगत की ‘कल्चर’साठी हा शब्द आपल्याला १९२२ मध्ये पॅरिसला एका मराठी मित्राकडून कळला. बंगालीत तेव्हा ‘कृष्टी’ चाले आणि रवींद्रनाथांना तो मुळीच आवडत नसे, त्यांनी ‘संस्कृती’ उचलून धरला. कृष्टीत नांगरट आहे, शेताची माती आहे. संस्कृतीत संस्कार आहे. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘सुसंस्कृत घराणं’, ‘असंस्कृत माणूस’. म्हणजे ही वस्तू कुणाकडे असते, कुणाकडे नसते. असा शब्द घेऊन मी दारोदार गेले, तेव्हा लोकांनी कपाटातले इस्त्रीचे कपडे काढून दाखवले. ज्यांच्याकडे कपाटच नव्हतं त्यांनी ‘नाही’ म्हटलं.

मानववंशशास्त्राचा अर्थ वेगळा आहे. एडवर्ड टायलरनं १८७१ मध्ये केलेली व्याख्या अजूनही शिकवली जाते : ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजात राहून माणूस जे जे आत्मसात करतो ते सगळं मिळून संस्कृती. या अर्थानं संस्कृती नसलेला माणूस असूच शकत नाही. हेही सांगायला हवं की त्याच टायलरनं समाजांची खालच्या पायरीपासून वरच्या पायरीपर्यंत उतरंड मांडली होती. व्याख्या सगळ्यांना आत घेते आणि मग रांगेत उभं करते. आमच्या वाचनालयात महादेवशास्त्री जोशींनी संपादलेल्या भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड मानानं ठेवलेले आहेत. मानानं अशासाठी की ते आमचे, सत्तरीतल्या आंबेड्याचे. त्या खंडांसमोर बसून मी विचार करत होते, की या मुलीला मी काय विचारायला हवं होतं?

मान

वाट दाखवली ती इगर्जीच्या वाड्यातल्या एका म्हाताऱ्या सुतारानं. ते वाचनालयाचे जुने सभासद, मराठी वृत्तपत्र चष्मा पुसून पुसून वाचतात. बैठकीत मी वाद मिटवायला सुचवलं, की ‘इतर समाज’ऐवजी ‘ख्रिस्ती समाज’ असं लिहू आणि चार पानं देऊ. त्यांनी मान हलवली. “टीचर, आमच्या नांवाचें पान नाका. आमचो मान खंय आसा तें बरयात.” आमच्या नावाचं वेगळं पान नको, आमचा मान कुठं आहे ते लिहा.

गोव्याबाहेरच्या वाचकासाठी सांगते. मान म्हणजे इथं नुसता आदर नव्हे. उत्सवात ठरलेलं काम, ठरलेली जागा, ठरलेली देणगी. अमुक घरानं तेल द्यायचं, अमुक वांगडानं (कुळानं) छत्री धरायची, अमुकाच्या दारात शिगम्याचा मेळ (मिरवणूक) थांबायचा. मान हा हक्क असतो आणि जबाबदारीही. त्यावरून भांडणं कोर्टापर्यंत जातात. कुंकळ्ळीचा छत्रोत्सव हे त्याचं मोठं उदाहरण. तिथल्या लोकांनी १५८३ मध्ये पाच जेझुइटांना मारलं आणि त्याची भयंकर शिक्षा भोगली. देवी फातर्प्याला गेली. पण ती शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण अजून शिगम्यात मूळ गावी येते, तेव्हा बारा वांगडांच्या बारा छत्र्या निघतात आणि त्या गावचे ख्रिस्तीही त्यात असतात. धर्म बदलला, वांगड बदललं नाही. आमच्या जवळची गोष्ट म्हणजे शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरीमाता. लोक दोघींना बहिणी मानतात. एकीकडून तेल जातं, दुसरीकडून फुलं येतात.

सुतारबाबांच्या घराचा मानही असाच, लहानसा. शिगम्याचा मेळ त्यांच्या खुरसापाशी (क्रुसापाशी) थांबतो, नारळ आणि विडा घेतो. त्यांचे वडील नव्हते त्या वर्षी मेळ थांबला आणि दार बंद होतं, म्हणून ढोल न वाजवता तसाच पुढं गेला, हे त्यांना अजून आठवतं. ही गोष्ट ‘ख्रिस्ती समाज’ या पानावर कशी लिहिणार? आणि ‘शिगमो’ या पानावर तर ती आमच्या कुणाच्या डोक्यातच आली नव्हती.

दुसरा कागद

मी नवा कागद काढला. त्यात संस्कृती हा शब्दच नव्हता. प्रश्न असे : वर्षभरात तुमच्या घरातून गावात कुणाकुणाला काय जातं? तुमच्याकडे कुणाकडून काय येतं? पूर्वी यायचं आणि आता येत नाही असं काय? का थांबलं?

यावेळी कागद भरून आले. काहींनी पाठीमागच्या बाजूलाही लिहिलं.

माटोळीचंच पाहा. चवथीला गणपतीवर लाकडी चौकट टांगून तिला रानातली-बागेतली फळं, पानं, फुलं बांधायची, ही आम्ही अगदी आपली म्हणून मिरवतो ती गोष्ट. पण सुपारीचा घड, नारळाची पेंड, तोरींग, चिबूड, कवंडळ, माट्टी, कांगलां, हे सगळं एका घरच्या परसात मिळत नाही. निम्म्याहून जास्त घरांनी लिहिलं की तोरींग इगर्जीमागच्या अमुक बाईच्या परसातून येतं. ती दोन महिने आधीपासून झाडावर फळं राखून ठेवते. बदल्यात तिच्याकडे नेवऱ्या जातात. नाताळला तिच्याकडून दोदोल, बेबिंक आणि पुन्हा नेवऱ्याच येतात, सारण थोडं वेगळं. तिच्या कागदावर तिनं हे लिहिलेलं नव्हतं. विचारल्यावर म्हणाली, त्यात लिहिण्यासारखं काय आहे!

युनेस्कोनं २००१ च्या जाहीरनाम्यात म्हटलं, की निसर्गाला जैवविविधता जितकी गरजेची तितकीच मानवजातीला सांस्कृतिक विविधता. मला हे वाक्य पूर्वी फार आवडे, शाळेच्या फळ्यावर मी ते लिहिलंही होतं. दुसऱ्या कागदांचा गठ्ठा वाचताना वाटलं, की आपण ते चुकीच्या चित्रासकट वाचतो. बागेत पाट्या लावलेली झाडं, प्रत्येकाला आपापलं अळं, अशी विविधता आपण डोळ्यांसमोर आणतो. माटोळी तशी नसते. तिला दुसऱ्याच्या परसातलं काहीतरी लागतंच, नाहीतर ती भरत नाही.

थांबलेल्या गोष्टींची यादी लांब होती. लग्नात ख्रिस्ती नवरीला चुडा भरायला येणारा कासार आता येत नाही, म्हापशाच्या दुकानातून बांगड्या येतात. पोदेर, म्हणजे पाववाला, पूर्वी गावचा होता, आता भट्टी परप्रांतातलं कुटुंब चालवतं. पण उंडे, पोळी आणि काकणं हे पावाचे प्रकार तेच आहेत आणि सायकलचा भोंगाही तोच. त्या भट्टीवाल्याला कुणी गावच्या संस्कृतीत धरत नाही, आणि त्याचा भोंगा एक दिवस वाजला नाही तर अख्खं गाव दारात येऊन उभं राहतं.

आणि त्या मुलीचा कागद. यावेळी तिनं लिहिलं : ‘आमची आई यल्लम्माच्या पुनवेला होळगी करते. घरमालकिणीला चार देते. मालकीण नाताळला केक देते. आई केक खात नाही, अंडं असतं म्हणून. आम्ही खातो. पूर्वी मालकीण होळगी कामवालीला द्यायची. आता स्वतः खाते आणि जास्त मागते.’

मला या प्रकरणात सगळ्यांत मोलाचं काही मिळालं असेल तर ते हे पाच-सहा ओळींचं लिखाण. सुतारबाबांच्या घराचा मानही केव्हातरी असाच सुरू झाला असणार. कुणीतरी काहीतरी दिलं, समोरच्यानं आधी नाकारलं किंवा दुसऱ्याला दिलं, मग एका वर्षी खाल्लं.

लिपीचा प्रश्न

हे थोडक्यात सांगते, कारण यावर गोव्यात खूप लिहून झालं आहे. इगर्जीच्या वाड्यातून आलेले बरेच कागद रोमी (रोमन) लिपीतल्या कोकणीत होते. वाचनालय मराठी, स्मरणिका मराठी. १९६७ च्या १६ जानेवारीला महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं यावर जनमत कौल झाला. ३४,०२१ मतांच्या फरकानं वेगळं राहायचं ठरलं. आमच्या समितीत तेव्हा दोन बाजूंनी राबलेले दोन वृद्ध आजही शेजारी बसतात. १९८७ च्या राजभाषा कायद्यानं देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली. रोमीला मिळाली नाही, ते दुःख वेगळं.

एकजण म्हणाला, सगळं मराठीत भाषांतर करा. मी विरोध केला. ‘मान खंय आसा’ याचं भाषांतर करताच सुतारबाबा त्यातून निघून जातात. मग कोकणी देवनागरीत घालू असं ठरलं, तर ते कागद लिहिणाऱ्यांपैकी तिघांनी सांगितलं की आमची अक्षरं बदलायची असतील तर कागद परत द्या. त्यांचं मला पटलं. शेवटी त्या पानांची छायाचित्रं जशीच्या तशी छापली, शाईच्या डागांसकट, आणि शेजारी देवनागरी पाठ. मराठी ही फक्त देवळाची भाषा नाही हे मी बैठकीत पुन्हा पुन्हा सांगितलं. थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये मराठी ओव्यांतच छापलं गेलं होतं. ते सगळ्यांना ठाऊक होतं. तरी दोन घरांनी आपले कागद नेलेच.

ढोल

मान या शब्दानं मला वाट दिली, पण तोच शब्द पुढं अंगावर आला. मान कुणाला असतो? गावकरांना. कोमुनिदादीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या, पटावर हिंदू आणि ख्रिस्ती दोघांची नावं आहेत, ही आपण अभिमानानं सांगतो ती गोष्ट. पण परंपरेनं जोण, म्हणजे तिच्या उत्पन्नातला वाटा, जाते ती पुरुषाच्या वंशाला. मी चाळीस वर्षं या घरात आहे, देवळात माझा म्हणून काही मान नाही. बायकांना धालोचा मांड आहे, पौषातल्या त्या रात्री आमच्या. मी म्हणते हेही काही कमी नाही, पण ते पुरेसं आहे असं कुणी मला सांगू नये.

शेताच्या काठच्या वाड्यातून एका मध्यमवयीन माणसानं लिहिलं : ‘शिगम्याला ढोल आमचे आजोबा वाजवायचे. मेळ आमच्याशिवाय निघत नव्हता. जेवणाला आम्ही बाहेर, पान आमचं आम्ही न्यायचं. याला तुम्ही मान लिहिणार असाल तर माझा कागद घेऊ नका.’ पुढं त्यानं लिहिलं की त्याच्या वडिलांनी आणि चुलत्यांनी एका वर्षी ठरवून ढोल खाली ठेवले आणि पुन्हा उचलले नाहीत.

समितीच्या मसुद्यात याच गोष्टीवर एक वाक्य आधीपासून होतं : ‘कालौघात ढोलवादनाची परंपरा लोप पावली.’ मी ते कितीदा वाचलं असेन! व्याकरण निर्दोष. त्यात माणूस नाही. परंपरा जणू भाद्रपदातल्या पाण्यासारखी ओसरली. खरं काय झालं, तर काही माणसांनी अपमान नाकारला. देणंघेणं म्हणजे संस्कृती असं मी महिनाभर सगळ्यांना सांगत फिरत होते. या कागदानं मला माझंच वाक्य पूर्ण करायला लावलं : देणारा-घेणारा एका पंगतीत नसेल, तर त्या देण्याघेण्याला वेगळं नाव आहे. आणि ते सोडून देणं ही त्या वाड्यानं गावाच्या संस्कृतीत घातलेली भर आहे. मी ‘लोप पावली’ काढून ‘त्यांनी सोडली, कारण…’ असं लिहिलं आणि कारण दोन वाक्यांत दिलं.

बैठक तीन तास चालली. एकानं विचारलं, आनंदाच्या अंकात हे कशाला? जनमत कौलातल्या त्या दोन वृद्धांपैकी एकांनी माझी बाजू घेतली. दुसऱ्यांनी घेतली नाही, पण उठूनही गेले नाहीत. दोनपैकी एक वाक्य राहिलं. पंगतीबाहेर बसवल्याचं वाक्य गेलं, ‘योग्य वागणूक न मिळाल्यानं’ असं राहिलं.

छापून आलं ते

विभागाची मांडणी पूर्ण बदलली. समाजवार पानं काढून टाकली. वर्ष घेतलं आणि महिन्यांच्या क्रमानं लावलं. पौषातले धालो, मग इंत्रुज (कार्निव्हल) आणि शिगमो एकामागोमाग, मग खुरसांच्या लादाइनी (सामुदायिक प्रार्थना), जत्रा आणि नाटकं, सांजांवला विहिरीत उड्या मारणारी दोन्ही वाड्यांतली पोरं, चवथ, नाताळ. यल्लम्माची पुनव जिथं येते तिथं त्या मुलीचं लिखाण, तिनं लिहिलं तसंच. प्रत्येक महिन्याखाली कोण काय देतं, कुणाकडून काय येतं. ‘इतर समाज’ हे शब्द कुठंच नाहीत. नाटकाची सहा पानं मी तीन केली, त्याबद्दल माझ्याशी दोघे अजून तुटक बोलतात. ‘आमची संस्कृती’ हे शीर्षक मात्र राहिलं. ज्येष्ठ सभासदांच्या आग्रहानं राहिलं, आणि मीही फार ताणलं नाही.

भाड्याच्या खोल्यांबद्दल अर्ध्या पानाहून जास्त मिळवता आलं नाही. बांधकामावरची माणसं रात्री आठला परततात. मी दोनदाच जाऊ शकले. भट्टीवाल्याच्या घरी तर गेलेच नाही. तो दोष माझा.

प्रकाशनानंतर चार दिवसांनी ढोलांबद्दल लिहिणारा तो माणूस वाचनालयात आला. पाच प्रती विकत घेतल्या. शिगम्याचं पान उभ्यानंच काढून वाचलं.

“एक ओळ गेली,” तो म्हणाला.

मी कपाट उघडून दुसऱ्या कागदांचा गठ्ठा काढला आणि त्याचा कागद त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तो पूर्ण वाचला, खिडकीजवळ नेऊन मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि कागद परत गठ्ठ्यात, होता त्याच जागी ठेवला.